जेवणानंतरचा आकडा

शीळ रस्ता रुंद झाला तेव्हा भिवाच्या रसवंतीपुढची चिंचेची दोन्ही झाडं गेली. मग मेट्रोचे खांब आले. त्यांची सावली सकाळी पलीकडच्या टायरवाल्यावर पडायची आणि दुपारी कुणाच्याच उपयोगाची नसायची. एप्रिल सरला नव्हता तरी पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. चरकाच्या लोखंडाला उघडा हात लागला तर चटका बसत होता, आणि खांबांच्या कामाची पांढरी धूळ उसाच्या मोळीवर, लिंबांवर, भिवाच्या भुवयांवर बसत होती.

रसवंतीवाल्याची सुगी अशा उन्हातच असते. माघापासून ज्येष्ठापर्यंत काय हाताला लागेल ते लागेल, पुढे चरकावर ताडपत्री टाकून मिळेल ते काम करायचं. या वर्षी ऊन असं पडलं होतं की रिक्षावाले, टेम्पोवाले, मेट्रोचे कामगार दिवसभर शेडपुढे उभे असत. आणि नेमकं याच वर्षी भिवाला शुगर निघाली होती. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात तसं झालं.

निघाली तीही कोयत्यामुळे. दिवाळीनंतर उसाचं पाचट काढताना कोयता निसटला आणि पायाच्या अंगठ्याचा टवका उडाला. असे टवके भिवाच्या अंगावर मोजायला गेलं तर पुष्कळ सापडले असते. हळद भरायची, चिंधी बांधायची आणि पुढचा ऊस घ्यायचा. पण ही जखम भरेना. तिला पू धरला, मग वास यायला लागला. मुलगा रत्नदीप डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याच्या साहेबाने ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं, म्हणून सुट्टी टाकून तो बापाला नौपाड्याला घेऊन गेला. गार खोलीत भिवा पाय पोटाशी ओढून बसला होता, फरशी आपल्या चपलेने मळेल म्हणून. बाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि काय काम करता म्हणून विचारलं. रसवंती आहे, असं रत्नदीपने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ते हसू भिवाला लागलं.

भात बंद झाला. साखर, गूळ, बटाटा, केळं बंद. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पालेभाजी, मुगाची उसळ, काकडी. संध्याकाळी एक भाकरी. रसाबद्दल तर बाईंनी एवढंच सांगितलं की त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. गोळी चालू झाली, आणि शुगर बघायचं मशीन घरी आलं. मशीन कसं चालवायचं ते रत्नदीपने आईला शिकवलं. शांताबाईने दोनदा पट्टी उलटी घातली, तिसऱ्यांदा बरोबर घातली, आणि मग ते काम कायमचं तिच्याकडे आलं. भिवाचे हात उसाच्या पात्यांनी इतक्यांदा कापलेले की तळव्यावर शिवण घातल्यासारख्या रेघा होत्या. पण ती बारीकशी सुई दिसली की तो तोंड भिंतीकडे फिरवायचा.

त्याने पथ्य पाळलं. अंगठा भरून आला. गोळवलीच्या चाळीत भाकऱ्या थापताना शांताबाई शेजारणींना सांगायची, आमचे हे जिभेचे पक्के आहेत, एकदा नाही म्हटलं की नाही. सकाळी उपाशीपोटी आकडा एकशे आठ यायचा, फार तर एकशे पंधरा. रत्नदीपही खूश होता.

मग उन्हाळा लागला आणि दोघं दिवसभर रसवंतीवर राहायला लागली. बाईंनी जेवणानंतर दोन तासांनीही बघायला सांगितलं होतं, म्हणून मशीन डब्याच्या पिशवीतून शेडमध्ये यायला लागलं. पहिल्याच दुपारी आकडा आला दोनशे ऐंशी.

शांताबाईला वाटलं पट्टी खराब असेल. दुसऱ्या दिवशी दोनशे चौसष्ट. त्यानंतर एकदा तीनशे बारा. आणि दुसऱ्या सकाळी घरी पुन्हा एकशे दहा.

आता घरी गुणी आणि धंद्यावर गेला की बिघडलेला, अशा माणसाचं काय चालू असेल हे ओळखायला कोणी नौपाड्याला जायला नको. कुंपणच शेत खात असेल तर दाद कुठे मागायची? शांताबाईने आणखी दोन दिवस आकडे बघितले, तिसऱ्या दिवशी गर्दी सरल्यावर विचारलं.

"किती प्यायलात?"

"काय?"

"रस. किती प्यायलात ते सांगा. मी ओरडणार नाय."

भिवाला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो हातातल्या चिपाडाकडे बघत राहिला. "नाय प्यालो," म्हणाला आणि चरकात पुढचा ऊस घातला.

तिचा विश्वास बसला नाही. कसा बसणार? ती गिऱ्हाइकाला ग्लास द्यायला वळली की याची पाठ तिला दिसेनाशी व्हायची. रसाचा जग याच्या हाताशी, गाळणी याच्या हाताशी. तीस वर्षं रोज दोन-तीन ग्लास पिणारा माणूस, डोक्यावर असं ऊन आणि समोर फेसाळता रस. देवमाणूस असता तरी त्याचा घसा सुकला असता. तिला त्याचा राग येत होता आणि त्याची कीवही येत होती, आणि या दोन्हींमुळे ती जास्तच करडी वागायला लागली.

रसवंतीवर पाण्याचे हाल होते. टँकरवाला दिवसाआड एक ड्रम भरून जायचा. त्यातलं पाणी ग्लास विसळायला एका बादलीत, आणि हात, फडकी, गाळणी यांना दुसऱ्या बादलीत. ती दुसरी बादली दुपारपर्यंत उसाच्या रंगाची व्हायची, पण पाणी पुरवायचं असेल तर ती संध्याकाळशिवाय ओतता येत नसे. प्यायचं पाणी तेवढं घरून कॅनमध्ये यायचं, ते माठात. जेवण झालं की भिवा पुन्हा चरकावर उभा राहायचा. दोन तासांनी शांताबाईने हाक मारली की चरक थांबवायचा, बादलीत हात बुचकळायचे, खांद्यावरच्या फडक्याला पुसायचे आणि मागच्या पोत्यावर येऊन बोट पुढे करायचं. मग भिंतीकडे तोंड.

आकडा आला की ती तो मोठ्याने वाचायची. पहिल्यांदा सवयीने वाचायची, नंतर नंतर त्याला ऐकवायला म्हणून वाचू लागली.

एकदा तिने त्याला तोंड उघडायला लावलं. शेडच्या मागे, चिपाडांच्या ढिगाशी. लहान पोराने चोरून काही खाल्लंय का बघावं तसा तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास उसाचाच आला. तिथे सगळ्यालाच उसाचा वास होता, तिच्या स्वतःच्या पदरालासुद्धा. पण त्या वेळी तिला तेवढं पुरलं. भिवाने तोंड मिटलं आणि तो तिच्याकडे न बघता पुढे गेला. चिपाडं न्यायला आलेला तबेलेवाला तिथेच उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत टायरवाल्यापर्यंत गोष्ट गेली, आणि मग जो येईल तो गमतीने विचारायला लागला, काका, आज किती झाले? भिवा हसायचा. गिऱ्हाइकावर चिडून कसं चालेल?

महिन्याच्या शेवटी ते पुन्हा नौपाड्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी मशीनचं बटण दाबून मागचे सगळे आकडे पाहिले. सकाळचे बरे, दुपारचे वाईट. त्यांनी भिवाला विचारलं, जेवणात काय असतं? भिवाने सांगितलं. त्यांनी शांताबाईकडे पाहिलं, शांताबाईने जमिनीकडे. तेवढ्यावरूनच त्या काय समजायचं ते समजल्या.

"हे बघा, शरीर तुमचं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याशी खोटं बोललात तरी मला काहीच फरक पडत नाही. मशीन खोटं बोलत नाही ना?"

बाईंनी दुपारच्या जेवणाआधीची एक गोळी वाढवली. ही गोळी जोरदार आहे, घेतल्यावर जेवण अजिबात चुकवायचं नाही, थरथर झाली, घाम फुटला तर ताबडतोब साखर तोंडात टाकायची, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ताची तपासणीही लिहून दिली. रत्नदीप म्हणाला की सीझन संपला की करू. एवढं कळत असताना आणखी तपासायचं काय, असं त्याच्या मनात होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांच्याच मनात होतं.

घरी आल्यावर रत्नदीपने बूट काढता काढता निकाल लावला. पुढच्या रविवारपर्यंत दुपारचा आकडा उतरला नाही तर पप्पांनी रसवंतीवर जायचं नाही. चरक भाड्याने देऊ, मागणारे आहेत. पप्पांनी घरी पंख्याखाली बसावं.

"मी घरी बसून काय करू?" भिवाने विचारलं.

"जगा," रत्नदीप म्हणाला. "तेवढं केलं तरी पुरे."

पोरगा वाईट नव्हता. त्याच्या कारखान्यातला एक जण शुगरपायी पाय घालवून बसला होता, तो त्याला रोज गेटवर दिसायचा. पण बापाच्या डोळ्यांत त्या वेळी काय होतं ते त्याने पाहिलं नाही, तो दुसऱ्या बुटाची नाडी सोडत होता. चरक भिवाने स्वतः जुन्नरहून आणला होता. आधी हाताने फिरवायचा, मग मोटर बसवली. त्याला बांधलेले घुंगरू दर साली तोच बदलायचा. घरात बसलेला भिवा कसा असतो हे अजून कुणी पाहिलं नव्हतं, त्याने स्वतःही नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने आपल्या परीने उपाय सुरू केला. खाणं वाढल्यामुळे शुगर वाढते, मग कमी खाल्लं की कमी होईल. यात न कळण्यासारखं काय आहे? दुपारच्या दोन भाकऱ्यांची एक केली. आकडा दोनशे नव्वद. एकीची अर्धी केली. तरी दोनशे सत्तर. उसळ सोडली, नुसती भाजी चावत बसू लागला. आकडा हलेना. पोटात खड्डा पडायचा, गुडघे ढिले व्हायचे, दुपारनंतर गिऱ्हाइकाचा चेहरा पाण्यातून बघितल्यासारखा दिसायचा. तो कुणाला काही सांगत नव्हता. सांगून ऐकतं कोण? डब्यातली उरलेली भाकरी तो शेडमागे चिपाडं खायला येणाऱ्या गाईला घालायचा आणि डबा विसळून ठेवायचा. शांताबाईला रिकामा डबा दिसायचा आणि ती समजायची, जेवण तर नीट करतात.

एकदाच त्याने विषय काढला. संध्याकाळी चरक धुताना म्हणाला, "शांते, तुला खरंच वाटतं मी पितो?"

ती रोलरमधला चोथा खिळ्याने काढत होती. तिने वर पाहिलं नाही. "मग तीनशे कसे होतात? तुम्हीच सांगा."

खरं बोलणाऱ्याकडे एवढंच कमी असतं, त्याला का ते सांगता येत नाही. तो म्हणाला, "मला काय माहीत," आणि उरलेलं पाणी रोलरवर ओतलं.

शुक्रवारची दुपार. रत्नदीपचा रविवार दोन दिवसांवर आलेला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. जेवणाआधी भिवाने गोळी घेतली, आणि डबा उघडून त्यातली फक्त काकडी खाल्ली. आज आकडा उतरवायचाच होता. मग तो चरकावर उभा राहिला. मेट्रोचे कामगार टोळीने आले होते. दोन-दोन ऊस एकदम घालायचे, चिपाड दुमडून पुन्हा घालायचं, तिसऱ्यांदा आलं-लिंबासकट घालायचं. आलं कापून द्यायचं काम या मोसमात पहिल्यापासून शांताबाईचं होतं, आता रस गाळायचा आणि ग्लास भरायचे हीही कामं तिचीच. त्याला जगला हात लावायची बंदी होती.

गर्दी ओसरता ओसरता त्याने ऊस चरकात न घालता चरकाच्या बाजूला धरला. शांताबाई ओरडली तेव्हा तिच्याकडे बघून तो काहीतरी बरळला. शर्ट पाठीला चिकटला होता, पण तो सगळ्यांचाच चिकटला होता. मग त्याचा हात रोलरच्या फार जवळ जायला लागला. तिने धावत जाऊन मोटर बंद केली. घुंगरू थांबले आणि तो उसाच्या मोळीवर बसला, बसला म्हणण्यापेक्षा घसरला. ओठ पांढरे, हात थरथरत होते. अंगाला हात लावला तर एवढ्या उन्हात गार लागत होतं.

सुधीर नावाचा रिक्षावाला रस पीत उभा होता, रोजचा गिऱ्हाईक. तो पुढे आला. ऊन लागलंय, म्हणाला, आणि आपल्या हातातला ग्लासच त्याने भिवाच्या तोंडाजवळ नेला.

शांताबाईने तो हाताने बाजूला सारला. "शुगर आहे त्यांना. मारता काय?"

तिला डॉक्टरीणबाईंचं सांगणं आठवत होतं, घाम आणि थरथर. पण साखर द्यायची ती कमी झाली तर. वाढलेल्या माणसाला द्यायची का? तिने पिशवीतून मशीन काढलं. पट्टी आधी उलटी गेली, दुसऱ्या वेळी बसली. भिवाचं बोट फडक्याने पुसलं, सुई टोचली, थेंब लावला. भिवाने या वेळी तोंड भिंतीकडे वळवलं नाही.

दोनशे शहाऐंशी.

"बघा," ती सुधीरला म्हणाली. तिला रडू येत होतं आणि संतापही. "सकाळपासून किती ढोसला असेल कोण जाणे. कोण ऐकतंय माझं." तिने सुधीरला रत्नदीपचा नंबर दिला. सुधीरने फोन लावला, एमआयडीसीतून यायला रत्नदीपला वेळ लागणार नव्हता. तोवर रिक्षा शेडला लावतो म्हणून सुधीर पळाला.

ती पदराने वारा घालत बसली. भिवा डोळे अर्धे मिटून होता. श्वास चालू होता, अधूनमधून ओठ हलत होते. रसवंतीवर माशा आणि मधमाश्या कायमच्याच, त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण वारा घालताना तिला दिसलं की माशा त्याच्या तोंडावर बसत नव्हत्या. एवढा घाम, तरी कपाळावर एक नव्हती. सगळ्या त्याच्या हातांवर होत्या. तिने उडवल्या, त्या पुन्हा तिथेच आल्या. आत्ताच टोचलेल्या बोटावर एक मधमाशी बसली आणि बोटाच्या पेरावर चालत राहिली.

शांताबाईने तिला झटकलं आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला. तळवा तिच्या तळव्याला चिकटला. सोडवताना कातड्याचा बारीक आवाज झाला. असा हात तिने आयुष्यभर धरला होता, म्हणून तिला तो कधी चिकट वाटलाच नव्हता. तिचा स्वतःचाही तसाच होता.

तिने टोचलेल्या बोटाकडे पाहिलं, मग मशीनकडे.

ती उठली. माठातलं पाणी तांब्यात घेतलं, ग्लास धुवायची साबणाची वडी घेतली आणि त्याचं बोट न् बोट घासलं. नखांच्या कडा, पेरांच्या रेघा. फेस पिवळट निघाला. पुन्हा पाणी ओतलं. पिशवीत रत्नदीपचा धुतलेला रुमाल डब्याला बांधलेला होता, तो सोडून कोरड्या बाजूने पुसलं. मग स्वतःचे हात धुतले. दुसऱ्या हाताचं बोट टोचलं.

मशीनने आकडा दाखवायला जो काय वेळ घेतला त्यात तिने कुणाकुणाला हाका मारल्या हे तिला नंतर आठवलं नाही.

एक्केचाळीस.

तिने जग उचलला. ग्लास शोधण्यात वेळ गेला असता, सुधीरने कठड्यावर ठेवलेलाच ग्लास तिने त्यात बुचकळून भरला. भिवाचं डोकं मांडीवर घेतलं आणि ग्लास ओठाला लावला. त्याने दात आवळले.

"प्या."

त्याने मान हलवली. डोळे उघडले होते, पण ते तिला ओळखत होते की नव्हते कोण जाणे. जीभ जड झाली होती. "नाय," तो म्हणाला. "मी नाय प्यालो. रत्नाला सांग."

"हो, सांगते. नाय प्यायलात तुम्ही. माझं चुकलं, मी मेलीनं चुकले. आता प्या, मी देते, माझ्या हातानं देते."

"तू म्हणशील..."

"नाय म्हणणार. तुमच्या पाया पडते, एक घोट गिळा."

पहिला घोट त्याच्या हनुवटीवरून गळला. दुसरा आत गेला. तिने घशाकडे बघितलं, गिळलं, तेव्हा तिसरा दिला. असं थोडं थोडं करत अर्धा ग्लास गेला. सुधीर रिक्षा लावून आला आणि तसाच उभा राहिला. टायरवाला आला, येता येता हसत होता, मग त्याचंही हसू गेलं.

हळूहळू थरथर कमी झाली. भिवाच्या कानाची पाळी आधी लाल झाली, मग ओठ. तो उठून बसला, पाठ मोळीला टेकली. तिने दुसरा ग्लास भरून त्याच्या हातात दिला. आता तो हातात धरू शकत होता. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसून होती, लुगड्याचा ओचा ओला, हात धुतलेले, आणि तिला कळत नव्हतं की एवढ्या दिवसांचं काय करायचं. तो वास घेतलेला, मोठ्याने वाचलेले आकडे, गाईला गेलेल्या भाकऱ्या. हे शेवटचं तर तिला अजून ठाऊकही नव्हतं.

तेवढ्यात रत्नदीपची बाईक आली. तो हेल्मेट न काढताच शेडमध्ये घुसला. त्याला दिसलं ते एवढंच, बाप मोळीला टेकून आरामात बसलाय आणि त्याच्या हातात भरलेला रसाचा ग्लास आहे.

"वा," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "मला वाटलं तुम्ही गेलात. येताना सिग्नल तोडत आलोय मी. आणि तुम्ही इथे... प्या, पप्पा, खुशाल प्या. आता लपवायचं तरी कारण उरलं नाय."

"रत्ना, गप," शांताबाई म्हणाली.

"का गप? तूच फोन करवलास ना?"

"ते नाय प्यायले. कधीच नाय प्यायले. हाताला रस होता, मशीन तो बघत होतं." ती उठून उभी राहिली. टायरवाल्याकडे, सुधीरकडे, रस्त्यावर थांबलेल्या दोघा-तिघांकडे बघून तिने तेच पुन्हा सांगितलं, चढ्या आवाजात, जसे आकडे वाचायची तसं. "साबणानं धुतल्यावर एक्केचाळीस आले. उपाशी होता तुझा बाप. मी पाजला आत्ता. मी."

रत्नदीप ऐकत होता, पण त्याच्या डोक्यात ते शिरत नव्हतं. किती दिवस तो एक गोष्ट धरून बसला होता, ती अशी एका दमात कशी सुटणार? त्याने हेल्मेट काढलं आणि बापाकडे पाहिलं. बाप काय म्हणतो याची तो वाट बघत होता. सगळेच बघत होते.

भिवा कुणाकडे बघत नव्हता. त्याने ग्लास ओठाला लावला, एक घोट घेतला, तो तोंडातच धरला आणि कपाळाला आठी घातली. मग गिळला. ग्लास उजेडाकडे धरून फेस बघितला.

"शांते," तो म्हणाला, आवाज अजून खोल होता. "आलं लई पडतंय."

त्याने पुन्हा एक घोट घेतला.

"घसा ओढतोय. अगं, असा देतेस तू लोकांना? कधीपासून?"

शांताबाईने रत्नदीपकडे पाहिलं. मोसमाच्या पहिल्याच दिवशी एक घोट घेऊन तोच तिला म्हणाला होता, आई, आलं कमी कर, जळजळतंय. सुधीर म्हणाला होता. मेट्रोचे कामगार म्हणाले होते. ज्याच्या म्हणून तोंडात या वर्षीचा रस गेला होता त्या प्रत्येकाने ते सांगितलं होतं.

"पहिल्यापासून," ती म्हणाली.

"मग कुणी मला सांगायचं ना," भिवा म्हणाला, आणि ग्लास त्याने रत्नदीपपुढे धरला. "बघ की पिऊन. तूच सांग."

रत्नदीपने ग्लास घेतला. पण त्याच्याने तो तोंडाला लावला गेला नाही. तो बापाशेजारी उसाच्या मोळीवर बसला आणि इतक्या लोकांसमोर रडायला लागला.